न्यायबुद्धीचे मुखत्यारपत्र

मनुष्याने अपराध केल्यावर त्याला शासन करावे, की अपराधाची वासना त्याच्या चित्तात अंकुरताच त्याला समाजातून बाजूला काढावे, हा प्रश्न दंडनीतीला नवा नाही. परंतु दूरचित्रवाणीच्या पडद्यावर, रेखाटलेल्या पात्रांच्या मुखातून तो जितक्या गांभीर्याने ‘सायको-पास’ या जपानी मालिकेने मांडला, तितक्या गांभीर्याने मांडलेला मी अन्यत्र क्वचितच पाहिला आहे. ऑक्टोबर 2012 ते मार्च 2013 या अवधीत या मालिकेचे पहिले पर्व 22 भागांत जपानमध्ये प्रसारित झाले. ‘प्रॉडक्शन आय.जी.’ या संस्थेची ती निर्मिती, दिग्दर्शन नाओयोशी शिओतानी यांचे आणि कथा गेन उरोबुची यांची. चित्रे हलू लागली की ती मुलांसाठीच असणार, असा जो समज आपल्या घरोघरी अजून रूढ आहे, त्याच्या भरवशावर मात्र ही मालिका कोणी मुलांपुढे लावू नये. तिच्यातील हिंसा उग्र आहे आणि तिचा विषय प्रौढ बुद्धीचा आहे.

कथेचा काळ 2112 सालचा. जपानने बाह्य जगाशी व्यवहार जवळजवळ तोडलेला आहे. एकाच संकरित धान्याच्या शेतीवर सबंध राष्ट्राचे पोट भरते, आणि ‘सिबिल’ नावाची एक यंत्रणा त्या राष्ट्राचा कारभार पाहते. रस्तोरस्ती बसविलेल्या उपकरणांनी ही यंत्रणा प्रत्येक नागरिकाच्या मनाचे अहोरात्र मापन करीत असते. कोणी कोणता व्यवसाय करावा याची शिफारस तीच करते, आणि कोणाच्या हातून गुन्हा घडण्याचा संभव किती, याचा एक अंकही तीच ठरविते. तो अंक शंभराच्या वर गेला की तो इसम ‘सुप्त गुन्हेगार’ ठरतो. पोलिसांच्या हातातील ‘डॉमिनेटर’ हे शस्त्र समोरच्या माणसावर रोखताच त्याचा अंक वाचते: अंक शंभराच्या आत असेल तर चाप ओढलाच जात नाही, शंभराच्या वर असेल तर गोळी लागून मनुष्य बेशुद्ध पडतो, आणि तीनशेच्या वर गेला असेल तर तो जागच्या जागी ठार होतो. फिर्याद नाही, साक्षीपुरावा नाही, बचावाचा वकील नाही; तपास, निवाडा आणि अंमलबजावणी या तिन्ही गोष्टी एका निमिषात उरकतात.

फिलिप के. डिक यांनी 1956 साली लिहिलेल्या ‘मायनॉरिटी रिपोर्ट’ या कथेतही गुन्ह्यापूर्वीच अटक होते; पण तेथे निदान भावी कृत्याचे भाकीत तरी असते. येथे कृत्याचा प्रश्नच उरत नाही. येथे विचार होतो तो केवळ मनाच्या अवस्थेचा, आणि मनाची अवस्था ही सदैव आपल्या हाती असते असे कोणता अनुभवी मनुष्य म्हणेल?

पहिल्याच भागातील प्रसंग पाहा. एका सामान्य इसमाची रस्त्यावरील तपासणीत नोंद होते, त्याच्या मनाचे माप बिघडलेले निघते, आणि आजवर नाकासमोर चाललेला तो मनुष्य, आता आपले सगळे संपलेच अशा भावनेने, एका स्त्रीला पळवून तिच्यावर अत्याचार करतो. पोलीस त्याला ठार करतात. परंतु त्या भयाने आणि यातनांनी त्या स्त्रीच्याच मनाचा अंक इतका चढतो की शस्त्र आता तिलाही मृत्युदंड सुनावते! सांडलेल्या तेलात हातात पेटता लायटर घेऊन ती थरथरत उभी असते, आणि नोकरीचा पहिलाच दिवस असलेली तरुण इन्स्पेक्टर आकाने त्सुनेमोरी, तिच्यावर शस्त्र रोखणाऱ्या आपल्याच हाताखालच्या शिन्या कोगामीला बेशुद्ध पाडून, त्या स्त्रीशी बोलू लागते. आकाने तिला धीर देते, तिच्यापुढे हात जोडावेत तशी विनवणी करते; त्या चार शब्दांनी अंक खाली उतरतो आणि स्त्रीचा जीव वाचतो. पीडितेलाच अपराधी ठरविणारा निवाडा यंत्राच्या बिघाडातून आलेला नव्हता, ही यातील सर्वांत गंभीर गोष्ट होय. यंत्राचे काम चोख होते. त्याला दुःख आणि दुष्टता यांतला भेद मोजता येत नव्हता, एवढेच. आणि तो भेद करण्यासाठीच तर मनुष्याने न्यायासन नावाची वस्तू निर्माण केली.

शुसेई कागारी हा आकानेच्या हाताखालचा आणखी एक शिपाई. वयाच्या पाचव्या वर्षी तपासणीत तो सुप्त गुन्हेगार ठरला आणि त्याचे बालपण बंदिवासात गेले. काहीही न करता! आपण पोलिसातच का आलो हे आपले आपल्यालाच कळत नाही, असे आकाने त्याला सांगते तेव्हा तो चिडतो, कारण जिला आयुष्याचा मार्ग निवडण्याची मुभा मिळाली ती त्या मुभेलाच ओझे समजते, हे त्याला सहन होत नाही. येथे मला आपल्याच इतिहासाचे स्मरण झाले. 1871 साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि 1911 च्या कायद्यानंतर त्याचा अंमल देशभर फैलावला. विशिष्ट जमातीत जन्मलेले मूल जन्मतःच गुन्हेगार मानले गेले. सरकारदप्तरी नाव नोंदवायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्यावाचून हद्द सोडायची नाही, असा तो जाच होता. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला, पण कपाळावरचा शिक्का कायद्याबरोबर पुसला गेला नाही, याची साक्ष लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाने दिली आहे. म्हणून ‘सुप्त गुन्हेगार’ ही कल्पना मराठी वाचकाने परक्या देशाची विज्ञानकथा म्हणून दूर ठेवू नये.

परंतु या मालिकेचा खरा विषय बंदिवानांच्या दुःखाहूनही व्यापक आहे, असे मला वाटते. न्यायबुद्धी दुसऱ्याच्या स्वाधीन केली की ती आपल्याजवळ शिल्लक राहत नाही, हे ती दाखविते. एका भागात काही मारेकरी असे शिरस्त्राण घालून येतात की ज्यायोगे आजूबाजूच्या निष्पाप माणसांच्या मनाचे माप त्यांचे स्वतःचे म्हणून यंत्रास दिसावे. भर दिवसा, भर रस्त्यात, त्यांच्यातला एक जण एका स्त्रीला हातोड्याने मारून टाकतो. भोवती गर्दी असते. कोणी धावत नाही, कोणी ओरडत नाही. कित्येक जण तर आपल्या उपकरणांवर ते दृश्य टिपत राहतात. ही माणसे क्रूर नाहीत आणि भित्रीही नाहीत. आपल्या डोळ्यांसमोर खून चालला आहे हे त्यांना उमगतच नाही, कारण खून ओळखण्याचे काम त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी सिबिलकडे सोपविले आहे, आणि सिबिल तर स्तब्ध आहे. मालिकेतील इतर रक्तपातापेक्षा ही गर्दी मला अधिक भयंकर वाटली.

या सर्वांचा सूत्रधार शोगो माकिशिमा. कागदी पुस्तकांवर प्रेम करणारा हा सुसंस्कृत, मृदुभाषी मनुष्य माणसे मारतो, आणि तरी त्याचा अंक चढत नाही. आकानेच्या मैत्रिणीचा तो तिच्यादेखत गळा चिरतो. आकाने त्याच्यावर शस्त्र रोखून असते, आणि शस्त्र अंक उतरत गेल्याचे सांगत अखेर शून्यावर येते. त्यानेच पुढे टाकलेली शिकारीची बंदूक तिच्या हातात असते. पण यंत्राने अनुमती न दिलेली शिक्षा स्वतःच्या जबाबदारीवर अमलात आणण्याची सवय त्या हातांना नाही. स्वतःच्या इच्छेने वागला तरच माणसाला मोल आहे, असे माकिशिमा म्हणतो. लेखकाने व्यवस्थेवरील सर्वांत खरी टीका सर्वांत मोठ्या खुन्याच्या तोंडी घातली, हे त्याचे धाडस. त्यात धोकाही आहे, कारण पुष्कळ प्रेक्षक त्याच्या वाणीला भुलतात आणि त्याच्या हातून मेलेल्यांना विसरतात. स्वातंत्र्याची महती सांगणाऱ्याने दुसऱ्याचे स्वातंत्र्य सुरीने संपवावे, ही विसंगती मालिका झाकत नाही; प्रेक्षकाने ती झाकू नये.

पुढे सिबिलचे गुपित उलगडते. ते यंत्र निव्वळ यंत्र नव्हेच. ज्यांच्या मनाचे माप व्यवस्थेला घेता आले नाही, अशा दोनशेंहून अधिक माणसांचे मेंदू एकत्र जोडून ती न्यायसभा बनविलेली आहे, आणि त्यांत माकिशिमासारखे निर्घृण गुन्हेगारही आहेत. माकिशिमालाही तेथे आसन देऊ केले जाते आणि तो ते धुडकावतो. हे गुपित पाहणाऱ्या कागारीला मात्र नाहीसे केले जाते आणि दप्तरात त्याची नोंद फरारी अशी होते. ज्यांना कायदा मोजू शकत नाही त्यांनीच कायदा व्हावे, या युक्तीपुढे मन क्षणभर सुन्न होते. पण विचार केला तर कळते की ज्या सत्तेला जाब विचारणारे कोणी नसते, तिच्या अंतरंगात कोण बसले आहे हे शोधण्याचा अधिकारही प्रजेने आधीच गमावलेला असतो.

कोगामी नोकरी सोडतो आणि जुन्या रिव्हॉल्व्हरने माकिशिमाला शेतात गाठून मारतो. आकानेला तो जिवंत हवा होता. तिला खटला हवा होता. तिचे अपयश उघड आहे, तरीही माझा कौल तिच्या बाजूने आहे. व्यवस्थेचे खरे स्वरूप कळल्यावरही ती राजीनामा देत नाही, गौप्यस्फोट करीत नाही, कारण ज्या समाजाला स्वतः निवाडा करण्याची सवयच उरली नाही, त्याचा आधार एका रात्रीत काढून घेतला तर प्रथम बळी दुर्बळांचा जाईल, हे तिला दिसते. ही तडजोड आहे आणि तिची किंमत निरपराधांनीही मोजावी लागेल, हे ती जाणते. पण तडजोड करताना ती सिबिलपुढे मान तुकवीत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी न्यायाची वाट शोधत केलेल्या धडपडीतून कायदा निपजला, म्हणून त्याचे रक्षण माणसांनीच करावयाचे आहे, असे ती त्या मेंदूंना बजावते. आणि एक ना एक दिवस कोणीतरी या खोलीत येऊन तुमची वीज तोडेल, हेही त्यांना तोंडावर सांगून ती पुन्हा कामावर रुजू होते.