जुन्नरच्या डोंगरांतील व्यापाऱ्यांचे दप्तर

सुट्टीत जुन्नरला जाणारी कुटुंबे बहुधा शिवनेरी चढतात, लेण्याद्री व ओझर येथे दर्शन घेतात आणि दिवस मावळण्यापूर्वी परतीची वाट धरतात. १६३० मध्ये छत्रपती शिवाजी महाराज ज्या गडावर जन्मले, तो प्रत्येक मुलाने पाहावाच. परंतु याच डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्यांनी आपल्या दानाच्या नोंदी दगडात कोरून ठेवल्या आहेत. पेढी चालविणाऱ्या घरांनी तरी त्यांच्यासाठी एक दिवस अधिक काढावा.

प्रारंभ नाणेघाटापासून करावा. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवर उतरलेला माल याच खिंडीतून देशावर चढत असे. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकली जाई, असे परंपरा सांगते. जवळच्या गुहेतील सातवाहन राणी नागनिकेच्या ब्राह्मी लेखात यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापण नाणी यांची मोजदाद आहे. आपल्या अंकलेखनाच्या आरंभीच्या पुराव्यांत या लेखातील संख्याचिन्हांची गणना होते. तेथील राजपुरुषांच्या मूर्ती मात्र नष्ट झाल्या. वर कोरलेली नावे तेवढी राहिली.

त्याच वाटेचा दुसरा साक्षीदार लेण्याद्रीवर भेटतो. सातव्या लेण्यात गणपतीच्या दर्शनासाठी रांग लागते, तेव्हा शेजारच्या सहाव्या लेण्यातील चैत्यगृह बहुधा रिकामे असते. ते कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने दिले. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार पाहणारा. घाट चढून आलेल्या एका घराण्याची संपत्ती येथे खांबांच्या रूपाने उभी आहे.

जुन्नरच्या अन्य लेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेले सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके आहे. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप बांधविला. शक उपासक आडुथुम याने तर शेते लावून देऊन त्यांच्या उत्पन्नातून करंज व वडाची झाडे लावण्याची व्यवस्था केली. मुद्दल अबाधित राखून उत्पन्नातून धर्मकार्य चालविण्याची ही रीत आपल्या विश्वस्त मंडळांना नवी वाटू नये. ही दाने बौद्ध संघास दिलेली होती.

जैन वाचकांनी चुकवू नये ते स्थळ म्हणजे गावाच्या दक्षिणेस असलेल्या मानमोडी डोंगरातील अंबा-अंबिका लेणी. बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेल्या या लेण्यांपैकी एकात पुढील काळात जैन मूर्ती कोरल्या गेल्या. अंबिका ही बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांची शासनदेवता. लेणीसमूहाचे नाव तिच्यावरूनच पडले. मूर्ती फार झिजल्या आहेत, आकार ओळखण्यास डोळे सरावावे लागतात. उपासना बंद झाली, संघ पांगला, तरी आसपासच्या लोकांनी देवीचे नाव जपले. या लेण्यांकडे शिवनेरीसारखी गर्दी वळत नाही. जे येतात त्यांतील काहींना भिंतीवर स्वतःचे नाव कोरण्याचा मोह होतो. शेजारी दात्याचा लेख आहे, हे त्यांना ठाऊकही नसते. मूर्तींना तेल, शेंदूर वा रंग लावू नये. श्रद्धेने केलेला हा उपचारही दगडास मारक ठरतो. कड्यावर मधमाश्यांची पोळी असतात, तेव्हा धूर व गोंगाट टाळावा. सकाळची वेळ उत्तम.

वेळ उरल्यास शेजारच्या आंबेगाव तालुक्यात जावे. मंचरची जुनी बारव वाटेवरच आहे. गिरवली येथे २ मीटर व्यासाच्या दुर्बिणीची वेधशाळा आहे, पण पूर्वपरवानगीवाचून जाऊ नये. घोडेगावच्या पुढे डिंभे धरणाचा विस्तीर्ण जलाशय लागतो. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते मूळ गाव याच पाण्याखाली आहे. कचेऱ्या घोडेगावात असल्या, तरी तालुक्याच्या कागदांवर नाव आजही आंबेगावचेच लागते.