सुरू न होणारी जुनी हार्ड डिस्क : दोषनिदानाचा क्रम आणि मराठी मजकुराचे जतन

प्रस्तावना :
इ.स. २००० च्या आगेमागे घेतलेले अनेक संगणक आज महाविद्यालयांच्या व संस्थांच्या अडगळीत पडून आहेत. त्यांच्या हार्ड डिस्कवर प्रबंधांचे खर्डे, क्षेत्रभेटींची टिपणे, वार्षिकांकांची जुळणी असा मजकूर असतो आणि त्याची दुसरी प्रत बहुधा कोठेही नसते. असा संगणक एखाद्या दिवशी चालू केला असता काळ्या पडद्यावर इंग्रजीतील एकच ओळ उमटते आणि ‘डिस्क गेली’ असा निवाडा तत्काळ दिला जातो. हा निवाडा पुष्कळदा घाईचा असतो. संगणक सुरू न होणे आणि डिस्कवरील माहिती नष्ट होणे या दोन भिन्न घटना आहेत, हे प्रथम ध्यानी घेणे आवश्यक आहे.

सुरू होण्याची साखळी :
वीजप्रवाह मिळताच मदरबोर्डवरील बायोस ही आज्ञावली स्मृती, कळफलक, डिस्क इत्यादींची तपासणी करते. त्यानंतर ती ठरलेल्या डिस्कचा पहिला सेक्टर वाचते. त्याचा आकार अवघा ५१२ बाइट असतो. त्यांपैकी ४४६ बाइट प्रारंभिक आज्ञांसाठी, ६४ बाइट डिस्कच्या चार विभागांची नोंद ठेवण्यासाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखखुणेसाठी असतात. या आज्ञा सक्रिय विभागाचा शोध घेतात व त्या विभागाच्या पहिल्या सेक्टरकडे नियंत्रण सोपवितात. विंडोज एक्सपी असल्यास तेथून एनटीएलडीआर या फाइलला पाचारण होते. साखळीतील एक कडी तुटली तरी ४० गिगाबाइटची डिस्क मृतवत् भासते. परंतु किल्ली हरवली म्हणून घरातील सामान नाहीसे होत नाही. ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ हा संदेश तर एका अर्थी दिलासादायकच म्हणावा लागेल, कारण तो पडद्यावर येण्यासाठी डिस्कचा काही भाग वाचला गेलेला असतो.

निदान :
निदानाचा आरंभ बाहेरून करावा. फ्लॉपी खाचेत विसरून राहिली असेल, तर बायोस आधी तीच वाचते आणि ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ अशी तक्रार करते. दोष हार्ड डिस्कचा नसतोच. मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही ३ व्होल्टची नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली असल्यास दिनांक अनेक वर्षे मागे जातो आणि डिस्कविषयीच्या नोंदीही पुसल्या जाऊ शकतात. अशा वेळी बॅटरी बदलून बायोसमध्ये डिस्कची निवड ‘ऑटो’ केली, की संगणक पूर्ववत सुरू होण्याची शक्यता असते. आयडीई डिस्कची ४० छिद्रांची रुंद पट्टी सैल होणे, ही आणखी एक क्षुल्लक परंतु वारंवार आढळणारी बाब. जंपरकडेही लक्ष द्यावे. एका पट्टीवरील दोन डिस्कांपैकी एक ‘मास्टर’ व दुसरी ‘स्लेव्ह’ असावी लागते. काही उत्पादकांच्या डिस्कमध्ये ‘एकटी डिस्क’ आणि ‘स्लेव्हसह मास्टर’ यांच्या जंपरच्या जागाही वेगळ्या असतात. सोबतची डिस्क काढून टाकल्यावर जंपर तसाच राहिला, तर शाबूत डिस्कही ओळखली जात नाही.

यानंतर कान लावून ऐकावे. डिस्क अखंड फिरत असेल व बायोसमध्ये तिचे नाव दिसत असेल, तर दोष बहुतांशी लिखित नोंदींचा असतो. ठराविक अंतराने ‘टक् टक्’ असा आवाज येत असेल, तर वाचनशीर्षाला आपली जागा सापडत नसते. अशा डिस्कचा वीजपुरवठा तत्काळ बंद करावा. प्रत्येक नव्या प्रयत्नागणिक चकतीवर ओरखडे पडण्याचा धोका वाढतो. डिस्क शीतपेटीत ठेवण्याचा उपाय सर्वत्र ऐकू येतो. तो करू नये, कारण थंड धातूवर बाष्प जमते. तिचे आवरण उघडणे तर सर्वथा वर्ज्य होय. शीर्ष आणि चकती यांमधील अंतर नॅनोमीटरमध्ये मोजले जाते. त्यापुढे धुळीचा कण म्हणजे पर्वतच. हे काम धूलिमुक्त कक्ष असलेल्या प्रयोगशाळेचे आहे.

जुनी डिस्क नव्या संगणकाला जोडून ती तेथून सुरू होत नाही, म्हणून तिला सदोष ठरविणेही चुकीचे आहे. अलीकडील अनेक संगणकांत बायोसऐवजी यूईएफआय असते आणि वर वर्णिलेली जुनी साखळी त्याला चालत नाही. अशा डिस्कपासून संगणक सुरू करण्याचा हट्ट न धरता ती यूएसबी अडॅप्टरने केवळ वाचण्यासाठी जोडावी. साडेतीन इंची डिस्कला १२ व ५ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा लागतो. जोडल्यानंतर विंडोजने ‘फॉरमॅट’ करण्याविषयी विचारल्यास नकार द्यावा.

आधी प्रत, मग दुरुस्ती :
येथेच सर्वाधिक हानी होते. ‘फिक्सएमबीआर’, ‘चेकडिस्क’ यांसारख्या आज्ञा मूळ डिस्कवरच लेखन करतात आणि झिजलेल्या डिस्कवर असे लेखन घातक ठरू शकते. म्हणून प्रथम लिनक्सवरील जीएनयू डीडीरेस्क्यू या मुक्त आज्ञावलीने संपूर्ण डिस्कची प्रतिमा घ्यावी. ती सुवाच्य भाग आधी उतरवून घेते, अवघड सेक्टर मागे ठेवते आणि प्रगतीची नोंद वेगळ्या फाइलमध्ये करीत असल्याने खंडित काम पुढे चालू करता येते. आज्ञा देताना स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाल्यास मूळ मजकुरावर पाणी पडते, हे विसरू नये. सर्व प्रयोग त्या प्रतिमेच्या प्रतीवर करावेत.

मराठी मजकुराचा प्रश्न :
फाइल हाती आली तरी ती वाचता येईलच असे नाही. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरीची सोय आली, तरी त्यानंतरही मराठी टंकन दीर्घकाळ श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या स्वतंत्र संकेतांत होत राहिले. मूळ फाँट नसेल, तर असा मजकूर रोमन अक्षरांची निरर्थक गर्दी दिसतो व ‘फाइल खराब झाली’ असा दुसरा घाईचा निवाडा होतो. त्यामुळे दस्तऐवजांसमवेत विंडोजच्या ‘फाँट्स’ फोल्डरची प्रतही अवश्य घ्यावी. युनिकोडमध्ये रूपांतर झाल्यावर मूळ फाइल जपून ठेवावी आणि नव्या प्रतीचे मुद्रितशोधन करावे. जुन्या संकेतांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी व रफार अक्षरानंतर साठविला जातो; युनिकोडमध्ये हा क्रम नेमका उलटा असल्याने ‘स्थिती’, ‘कार्य’, ‘वर्षानिमित्त’ यांसारखे शब्द विशेष काळजीपूर्वक तपासावे लागतात.