पिन क्रमांक २१

निन्टेन्डोचे ‘फॅमिली कॉम्प्युटर’, म्हणजेच फॅमिकॉम, १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये १४,८०० येनला विक्रीस आले. मासायुकी उएमुरा यांनी घडवलेल्या या लालपांढऱ्या यंत्राला टीव्हीशी जोडायची एकच वाट होती, ती म्हणजे आरएफ. यंत्र स्वतःच एक चिमुकले प्रक्षेपण केंद्र होऊन जपानच्या चॅनल १ किंवा २ वर चित्र पाठवायचे. आज ते जपान्यांच्याही नव्या टीव्हीवर सरळ लागत नाही, आणि जपानबाहेर तर प्रश्न आणखी मोठा आहे. जपानचे हे दोन चॅनल ९० ते १०२ मेगाहर्ट्झमध्ये बसतात आणि आपल्याकडे त्या पट्ट्यात एफएम रेडिओ आहे. म्हणून जगभरचे हौशी लोक हे यंत्र उघडून त्यातून थेट कंपोझिट व्हिडिओ, म्हणजे आरएफवर चढवण्याआधीचे सबंध चित्र, बाहेर काढतात. काम दिसायला सोपे आहे: एक ट्रान्झिस्टर, दोनतीन रेझिस्टर, एक कपॅसिटर आणि दोन सॉकेट. तरीही या फेरफारानंतर चित्रात पट्टे येतात, रंग जातात, चित्र हलते, आवाज अर्धवट होतो. या दोषांचा माग काढताना कोणता दोष यंत्राच्या वाटेत आहे आणि कोणती गोष्ट त्या यंत्राचा स्वभावच आहे, हे आधी ठरवावे लागते. ते न ठरवता केलेली दुरुस्ती यंत्राचे नुकसान करते, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वभाव समजून घ्यायचा तर चित्र जिथे जन्मते तिथे जावे लागते. रिकोह कंपनीने बनवलेली आरपी२सी०२ ही चाळीस पायांची चित्रचिप. तिच्या २१ क्रमांकाच्या पिनेवर तयार चित्र मिळते. हे चित्र लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे रंग बनवून नंतर एकत्र केलेले नसते. चिप २१.४७ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर चालते. त्याचा सहावा हिस्सा म्हणजे ३.५८ मेगाहर्ट्झ, आणि हीच एनटीएससी या जपानी टीव्ही पद्धतीची रंगवाहक कंप्रता. चिप या लहरीच्या प्रत्येक फेऱ्याचे बारा भाग पाडते आणि चौकोनी लाट त्यातल्या ज्या भागापासून सुरू होते त्यावर रंगाची छटा ठरते. लाटेच्या वरच्या-खालच्या पातळीवर उजळपणा ठरतो. म्हणजे या चिपच्या पोटात ‘लाल’ नावाचा आकडा कुठेच नाही. लाल तयार होतो तो टीव्हीत. एका टीव्हीवरचे आकाश जरा जांभळट आणि दुसऱ्यावरचे निळे दिसत असेल, तर त्यात फेरफार करणाऱ्याची चूक शोधण्यात अर्थ नाही.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. एका बिंदूच्या वाट्याला रंगलहरीचा दोन तृतीयांश फेराच येतो, आणि ३४१ बिंदूंच्या ओळीत २२७ पूर्णांक एक तृतीयांश फेरे बसतात. नेहमीच्या एनटीएससी प्रक्षेपणात हा आकडा २२७ पूर्णांक एक द्वितीयांश असतो. त्यामुळे रंगांच्या उभ्या कडांवर तीनतीन ओळींनी पायऱ्यांसारखी नक्षी दिसते आणि ती थरथरते. कितीतरी लोक ही थरथर घालवण्यासाठी कपॅसिटर बदलतात, वायर बदलतात, शेवटी चिपही बदलतात. ती जात नाही, जाणारही नाही, कारण ती चिपच्या गणितातच आहे.

उभ्या पट्ट्यांची गोष्ट मात्र अगदी उलट आहे. हौशी मंडळी ज्यांना ‘जेलबार’ म्हणतात, त्या फिकट-गडद उभ्या पट्ट्या एकरंगी निळ्या किंवा करड्या पार्श्वभूमीवर ठळक दिसतात, आणि चित्र सरकले तरी जागच्या हलत नाहीत. हे ‘न हलणे’ हाच खरा पुरावा आहे. बाहेरून आलेली गडबड, उदाहरणार्थ वाईट अॅडाप्टरची, पडद्यावर तरंगत वरखाली सरकते. तिचा आणि बिंदूंचा ताल जुळत नाही. स्थिर पट्टीचा उगम चिपच्याच घड्याळावर चालणाऱ्या कशात तरी असणार. तो तसाच आहे. दर आठ बिंदूंसाठी चिप स्मृतीतून चार गोष्टी उचलते: तुकड्याचा क्रमांक, त्याचा रंगगट आणि आकृतीचे दोन बाइट. प्रत्येक उचलीला पत्त्याच्या आणि डेटाच्या अनेक तारा एकदम वरखाली होतात. मूळ बोर्डावर व्हिडिओची वाट या गर्दीच्या शेजारून जाते आणि गर्दीचा धक्का तिच्यात झिरपतो. उचलीचा ताल बिंदूंशी बांधलेला असल्यामुळे धक्का दर ओळीत त्याच जागी पडतो, आणि त्याची उभी पट्टी होते. बोर्डाच्या आवृत्तीगणिक ती कमीजास्त असते. आरएफच्या खरखरीत ती लपून जायची. कंपोझिट स्वच्छ झाल्यावर उघडी पडते. म्हणून ‘फेरफार केल्यामुळे पट्ट्या आल्या’ ही तक्रार बहुधा चुकीची असते.

यावरचा उपायही कारणातूनच निघतो. २१ क्रमांकाची पिन बोर्डावरून सोडवून उचलायची, ट्रान्झिस्टर शक्य तितका तिच्या जवळ बसवायचा, आणि तिथून सॉकेटपर्यंत जमिनीशी जोडलेल्या आवरणाची आखूड वायर न्यायची. चिपच्या पुरवठ्याच्या ४० व्या आणि जमिनीच्या २० व्या पिनेमध्ये एक छोटा कपॅसिटर देता येतो. एवढे केल्यावर पट्ट्या खूप कमी होतात. उरलेला फिकटसा अंश चिपच्या आत आणि पुरवठ्यातच असतो. तिथे थांबावे.

बाकीचे दोष असेच कारणावरून ओळखता येतात. टीव्हीच्या ७५ ओहमच्या भारावर सिंक धरून एक व्होल्टचा संकेत यायला हवा. वाटेतला रेझिस्टर राहून गेला की पातळी वाढते, पांढरे फुटते, काही टीव्ही चित्र नाकारतातही. बाहेरच्या वाटेवरचा कपॅसिटर २२० मायक्रोफॅरडऐवजी १० चा लावला, तर १५० ओहमच्या वाटेत त्याची अडवणूक सुमारे १०० हर्ट्झपासूनच सुरू होते, आणि दर सेकंदाला साठ वेळा उमटणाऱ्या चित्राचा उजळपणा वरून खाली ढळतो. आवाजाची चूक सगळ्यात जास्त वेळा नजरेतून सुटते. फॅमिकॉममध्ये आवाज कॅसेटच्या ४५ व्या पिनेतून आत जातो आणि कॅसेटमधल्या जादा ध्वनिचिपचे स्वर मिसळून ४६ व्या पिनेतून परत येतो. आवाज या फेरीच्या आधीच उचलला तर बहुतेक खेळ ठीक वाजतात, पण कोनामीच्या ‘आकुमाजो देन्सेत्सु’सारख्या खेळाचे निम्मे संगीत गायब होते, आणि वापरणाऱ्याला ते कळतही नाही. चित्र काळेपांढरे दिसले तर यंत्राकडे वळण्याआधी टीव्ही तपासावा. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘व्हिडिओ गेम’ म्हणून आलेल्या नकला पाल पद्धतीला जुळवलेल्या असायच्या. जपानी मूळ यंत्र एनटीएससीचे आहे, आणि फक्त पाल जाणणारा जुना टीव्ही त्याचे रंग वाचूच शकत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की मुळात लोकांनी हे खेळ आरएफवर पाहिले, तेव्हा तीच अस्सल अनुभूती. मला हे पटत नाही. आरएफ ही त्या काळच्या टीव्हींना दुसरे तोंड नव्हते म्हणून पत्करलेली वाट होती. शार्पच्या १९८६ च्या ट्विन फॅमिकॉमला कंपोझिट तोंड होते, आणि १९९३ मध्ये निन्टेन्डोने स्वतःच नवा फॅमिकॉम काढला तेव्हा आरएफ काढून तेच दिले. पिनेवर जे जन्मते ते पडद्यापर्यंत न बिघडवता पोहोचवणे हे निर्मात्यांच्याच दिशेने जाणे आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मग कंपोझिटवरच का थांबायचे? आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा वेगवेगळे, काढा; थरथरही जाईल. चित्र खरोखरच लख्ख होते, हे मान्य. पण मूळ चिपमध्ये आरजीबी नाही, म्हणून प्लेचॉइस-१० या आर्केड यंत्रातली आरपी२सी०३ चिप काढून लावण्याची प्रथा पडली. म्हणजे एक जुने यंत्र दुरुस्त करायला दुसरे मारायचे. शिवाय त्या चिपचे रंग वेगळे आहेत. रंगछटा बदलण्याचा आदेश मूळ चिप इतर रंग मंद करून पाळते, तर ही चिप तो रंग पूर्ण उजळ करून; परिणामी काही खेळांत पडदा जवळजवळ पांढरा होतो. अलीकडची एनईएसआरजीबीसारखी किट मूळ चिप जागेवर ठेवून हे काम करतात, आणि पर्याय म्हणून ती कितीतरी बरी. तरी तिथला रंगतक्ता कोणीतरी निवडलेला असतो, हे लक्षात ठेवून ती वापरावीत.

तिसरा आक्षेप जपणूक करणाऱ्यांचा: चाळीस वर्षांच्या यंत्राला सोल्डरिंग गन लावूच नये. संग्रहालयात ठेवायच्या, हात न लागलेल्या यंत्राबाबत मी त्यांच्याच बाजूने आहे. बाकीची यंत्रे मात्र चालली तरच जपली जातात, आणि चालायची तर आजच्या पडद्यावर दिसली पाहिजेत. त्यासाठी आरएफचा डबा उपटण्याची किंवा प्लास्टिकला भोक पाडण्याची गरज नसते. सॉकेट मागे आधीपासून असलेल्या फटींतून वायरीवर बाहेर काढता येते. हे काम करणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे: उचललेली पिन पुन्हा खाली बसवता येईल अशी ठेवा, काढलेला प्रत्येक भाग छोट्या पिशवीत घालून यंत्राच्या खोक्यातच ठेवा, आणि काय बदलले, कोणत्या मूल्याचे भाग लावले, हे कागदावर लिहून झाकणाच्या आत चिकटवा.