शेत नेमकं कशाने जातं? वारसा कराविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, काँग्रेस नेते सॅम पित्रोदा अमेरिकेतल्या वारसा कराबद्दल बोलले आणि देशभर गदारोळ उठला. दहा कोटी डॉलरची मालमत्ता मागे ठेवून माणूस गेला तर मुलांना ४५ टक्के मिळतात आणि ५५ टक्के सरकार घेतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची बाजू घेणारे आणि त्यांच्यावर तुटून पडणारे बहुतेक जण हा आकडा खरा धरूनच भांडले. वास्तविक ५५ टक्के हा २००१ पर्यंतचा सर्वांत वरचा दर. आता तो ४० टक्के आहे आणि तोही माफीच्या मर्यादेवर उरलेल्या रकमेलाच लागतो. २०२४ मध्ये ही मर्यादा माणशी १ कोटी ३६ लाख डॉलर होती. म्हणजे पित्रोदांच्या उदाहरणातल्या माणसाने काहीही नियोजन केलं नसतं, तरी कर झाला असता सुमारे ३ कोटी ४६ लाख आणि वारसांना मिळाले असते ६५ टक्के. मालमत्ता नवराबायकोची मिळून असती तर मर्यादा दुप्पट, आणि वारसांचा वाटा सत्तरच्याही वर. जुलै २०२५ च्या कायद्याने २०२६ पासून ही माफी माणशी दीड कोटी डॉलर केली आहे. दांपत्याला तीन कोटी.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांत हा गैरसमज दोन बाजूंनी येतो. भारतातल्या चर्चेतून येणारी समजूत अशी, की आपण गेल्यावर अर्धं घर सरकारजमा. अमेरिकी राजकारणातून येणारी दुसरी समजूत जास्त हळवी आहे, की या कराने पिढ्यान्‌पिढ्या कसलेली कुटुंबाची शेती विकावी लागते. ज्यांचं नाव अजून गावाकडच्या सातबाऱ्यावर आहे, किंवा पुढेमागे लागणार आहे, त्यांच्या मनाला ही दुसरी गोष्ट लगेच भिडते. पण पुरावा तिच्या बाजूने उभा राहत नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या आर्थिक संशोधन विभागाच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये शेत चालवणाऱ्यांच्या मृत्यूनंतर सुमारे साडेएकोणचाळीस हजार मालमत्ता वारसांकडे जायच्या होत्या. त्यांतल्या ज्यांना या कराचं विवरणपत्र भरावं लागेल अशा शंभरात एकही नव्हती, आणि प्रत्यक्ष कर लागेल अशा जेमतेम पाव टक्का. २००१ मध्ये, म्हणजे माफी फक्त ६ लाख ७५ हजार डॉलर असताना, 'न्यूयॉर्क टाइम्स'चे डेव्हिड के जॉन्स्टन यांनी हा कर रद्द करण्याची मागणी करणाऱ्या अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशनकडे या करापायी गेलेल्या एका शेताचं उदाहरण मागितलं. संघटनेला ते देता आलं नाही. शेतीच्या वारसाहक्कावर आयुष्यभर काम केलेले आयोवा स्टेट विद्यापीठाचे नील हार्ल यांनाही असं एक शेत शोधून सापडलेलं नव्हतं.

यावर शेतकऱ्यांच्या बाजूने येणारा आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. शेतकऱ्याची श्रीमंती जमिनीत अडकलेली असते. कागदावर कोट्यधीश माणसाच्या हातात रोकड नसते, मग कर भरायला तो जमिनीचा तुकडाच विकणार. तर्क बरोबर आहे, आणि एके काळी तो वस्तुस्थितीलाही धरून होता. १९४२ ते १९७६ या काळात अमेरिकेत माफीची मर्यादा साठ हजार डॉलरवर गोठलेली होती. महागाई वाढली, जमिनीचे भाव वाढले, मर्यादा हलली नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यावर मरणाऱ्या शंभरांपैकी सात-आठ जणांच्या मालमत्तेला हा कर लागू लागला आणि त्यात मध्यम शेतकरी सापडले. म्हणूनच १९७६ च्या कायद्याने शेतजमिनीचं मोल बिल्डर देईल त्या भावाने न धरता शेतीच्या उत्पन्नावरून धरण्याची सवलत दिली. ती आजही आहे. २०२५ मध्ये त्यातून मोलात १४ लाख २० हजार डॉलरपर्यंत घट मिळत होती. मुख्य अट अशी, की वारसांनी पुढची दहा वर्षं जमीन शेतीतच ठेवावी. शिवाय मालमत्तेचा ३५ टक्क्यांहून अधिक भाग शेतीव्यवसायात असेल तर कर चौदा वर्षांपर्यंत हप्त्यांनी भरता येतो. म्हणजे रोकड नसल्याची तक्रार कायद्याने पन्नास वर्षांपूर्वीच ऐकली. ती आजही त्याच जोरात केली जाते, कारण कर रद्द व्हावा असं ज्यांना खरोखर वाटतं त्या मोठ्या धनिकांपेक्षा ट्रॅक्टरवरचा शेतकरी फोटोत चांगला दिसतो. ब्रिटनमध्ये मात्र चित्र थोडं वेगळं आहे. तिथे ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने शेतीची पूर्ण माफी काढून मर्यादा दहा लाख पौंडांवर आणण्याचं जाहीर केलं, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन लंडनमध्ये आले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये सरकारला ती पंचवीस लाखांवर न्यावी लागली. मर्यादा किती आणि हप्ते किती, यावरच या कराचं बरंवाईट ठरतं. नुसत्या नावावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मग फ्रीमाँटची शेतं कुठे गेली? हे शहर १९५६ मध्ये सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावं एकत्र करून झालं. तोवर हा मुलूख जर्दाळूच्या बागा, फ्लॉवरची शेतं आणि रोपवाटिकांचा होता. नाइल्सला जॉन रॉक यांनी काढलेली कॅलिफोर्निया नर्सरी राज्यभर कलमं पुरवत असे. १८४९ मध्ये सोन्याच्या शोधात आलेले जॉर्ज वॉशिंग्टन पॅटरसन पुढे इथे हजारो एकरांचे मालक झाले. त्यांच्या वाड्याभोवतीचा भाग आज आर्डनवूड या नावाने ऐतिहासिक शेत म्हणून जपला आहे, आणि आपल्याकडची मुलं तिथे शाळेच्या सहलीला जाऊन भोपळे बघून येतात. बाकीच्या जमिनीवर घरं आहेत. शहर झाल्यावर महामार्ग आला, १९६० च्या दशकात जनरल मोटर्सचा कारखाना आला (आज त्याच जागेवर टेस्लाच्या गाड्या बनतात), १९७२ मध्ये बार्ट रेल्वे आली, मागोमाग सिलिकॉन व्हॅलीचा पैसा. जर्दाळूच्या एका एकरातून वर्षाला जे निघे त्याच्या कित्येक पट रक्कम बिल्डर एकदाच हातात ठेवत होता. हा काळ साठ हजारांच्या माफीच्या काळाशी जुळतो आणि कॅलिफोर्नियाचा स्वतःचा वारसा करही तेव्हा होता, हे मान्य करायला हवं. काही घरांत कराने विक्रीची घाई केली असेल. पण त्याच राज्यात, त्याच कराखाली, सेंट्रल व्हॅलीतली शेती टिकली आणि वाढली. कर दोन्हीकडे सारखा होता, जमिनीचा भाव नव्हता.

राज्याला हे त्याच वेळी कळलं होतं, याचा पुरावा कायद्यांतच आहे. १९६५ च्या विल्यमसन कायद्याने शेतकऱ्याला दरवर्षीच्या मालमत्ता करात सवलत दिली. निदान दहा वर्षं जमीन शेतीखाली ठेवण्याचा करार करा, आणि कर शेतीच्या उत्पन्नावर भरा. बांधकामाच्या भावाने आकारणी झाली तर जितेपणीच शेत परवडत नाही, हे त्यामागचं गणित होतं. राज्याचा वारसा कर मतदारांनी १९८२ मध्ये रद्द केला, तेव्हा फ्रीमाँटच्या बागा बहुतांशी गेलेल्याच होत्या, आणि कर गेला म्हणून एकही परत आली नाही. आज कॅलिफोर्नियात वारसाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे तो फेब्रुवारी २०२१ पासून लागू झालेला एकोणिसावा प्रस्ताव. आईवडिलांकडून आलेलं घर भाड्याने दिलं तर त्याचा मालमत्ता कर आता बाजारभावाने बसतो, वारस त्या घरात राहिला तरच आईवडिलांच्या वेळची जुनी आकारणी ठरावीक मर्यादेपर्यंत चालते. शेतीला मात्र तिथे राहण्याची अट नाही. कायदा इथेही शेतकऱ्याच्या बाजूला झुकलेला आहे.

कुटुंबाची शेती सरकारने वारशाच्या वेळी हिरावून घेतल्याची खरी उदाहरणं कॅलिफोर्नियात आहेत, पण ती कराची नाहीत. १९१३ च्या परकीय जमीन कायद्याने नागरिकत्वाला अपात्र ठरवलेल्या लोकांना शेतजमीन घ्यायला बंदी केली, आणि असा माणूस वारस निघाला तर न्यायालयाने ती जमीन विकून त्याला फक्त पैसे द्यावेत अशी तरतूद केली. तो मुख्यतः जपानी शेतकऱ्यांवर रोखलेला होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीयही नागरिकत्वाला अपात्र ठरले आणि पंजाबी शेतकरी त्याच जाळ्यात आले. १९५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. वारसा करावरच्या भाषणांत या जमिनींचा उल्लेख सहसा येत नाही.

शेत वारसा कराने जात नाही, हे महाराष्ट्राचा अनुभव दुसऱ्या टोकाकडून दाखवतो. भारतात १९५३ पासून इस्टेट ड्यूटी होती, वरच्या टप्प्याला ८५ टक्क्यांपर्यंत. विश्वनाथ प्रताप सिंह यांनी १९८५ मध्ये ती काढून टाकली, कारण वसुली किरकोळ आणि कटकट मोठी. आजही भारतात वारसा कर नाही. तरी महाराष्ट्रातलं सरासरी शेत १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, ते २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टरवर आलं. मधल्या काळात शेतजमीन लहान लहान होत गेली ती भावाभावांतल्या वाटण्यांनी, आणि शेताबाहेर पोट भरण्याची सोय न झाल्याने. १९४७ चा तुकडेबंदी कायदाही ते थांबवू शकला नाही. पण याचा अर्थ वाटणीच वाईट असा कुणी घेऊ नये. मुलींना बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला, तो योग्यच होता. मुद्दा इतकाच, की शेत टिकणं न टिकणं ज्या गोष्टींवर ठरतं त्यांत वारसा कराचा क्रमांक फार खाली लागतो.

आता फ्रीमाँटमधल्या वाचकाच्या कामाचा भाग. गावाकडे वडील वारले आणि शेत तुमच्या नावावर झालं, तर अमेरिकेत त्यावर वारसा कर नाही. कर मृताच्या मालमत्तेवर असतो, आणि वडील ना अमेरिकी नागरिक, ना तिथले रहिवासी. वारशाने आलेली जमीन उत्पन्नही धरली जात नाही. पण मोल एक लाख डॉलरच्या वर असेल तर ३५२० क्रमांकाचा फॉर्म भरून कळवावं लागतं, न कळवल्यास दंड वारशाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. कर नाही म्हणून कागदही नाही, ही समजूत महागात पडते. तसंच शेतीचं उत्पन्न भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत ते दाखवावं लागतं, खंडाने दिलेल्या शेताचे पैसेसुद्धा. एक गोष्ट मात्र फायद्याची आहे. पुढे जमीन विकलीत तर अमेरिकेत नफा मोजला जातो तो वडील गेले त्या दिवशीच्या मोलापासून, आजोबांनी घेतलेल्या भावापासून नव्हे. तेव्हा त्या तारखेचं मूल्यांकन मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून करून ठेवा, आणि वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्या. परदेशी नागरिकत्व घेतलं म्हणून वारशाचं शेत जात नाही. नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि आहे ती विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते, एवढंच.

उलट तुम्ही स्वतः अमेरिकेचे नागरिक असाल किंवा कायमचं घर तिथेच केलं असेल, तर तुमच्या पश्चात गावाकडची जमीनही तिथल्या हिशेबात धरली जाईल. पण दीड कोटी डॉलरच्या माफीत फ्रीमाँटचं घर, निवृत्तीचा निधी आणि सांगलीचा ऊस हे सगळं बसून वर जागा उरते. बहुतेकांनी इथे निश्चिंत व्हायला हरकत नाही.

या कराचा खरा तडाखा बसू शकतो तो वेगळ्याच घराला, आणि त्याबद्दल भाषणं होत नाहीत. जे अमेरिकी नागरिक नाहीत आणि कायमचे पुण्याला किंवा नाशिकला परतले, पण फ्रीमाँटचं घर भाड्याने ठेवून गेले, त्यांना दीड कोटीची माफी नाही. त्यांच्या अमेरिकेतल्या मालमत्तेला माफी साठ हजार डॉलर, म्हणजे नागरिकांनी १९७६ मध्ये मागे टाकलेली तीच मर्यादा. भारत आणि अमेरिका यांच्यात या करापुरता करारही नाही, त्यामुळे तिथूनही दिलासा नाही. कर्ज फिटलेलं पंधरा लाख डॉलरचं घर मुलांकडे गेलं तर कर होतो सुमारे ५ लाख ३३ हजार डॉलर. अमेरिकी कंपन्यांचे शेअर याच हिशेबात येतात, बँकेतल्या साध्या ठेवी येत नाहीत. आईवडिलांच्या नावावर अमेरिकेत शेअर किंवा घर घेऊन ठेवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. परतायचं ठरलं असेल तर घर विकायचं, ठेवायचं की कुणाच्या नावावर करायचं, हे सामान बांधण्याआधी दोन्ही देशांचे कर जाणणाऱ्या वकिलाला विचारा. नंतर विचारण्याची वेळ वारसांवर येते, आणि तोवर कर लागू झालेला असतो.