कोपर वाढत्या वयात सरळ होतो का?

मूल झाडावरून किंवा झोपाळ्यावरून पडते, कोपराच्या वर हाड मोडते. प्लास्टर निघते तेव्हा हात आतल्या बाजूला कललेला दिसतो. ‘लहान आहे, वाढेल तसा सरळ होईल,’ असा धीर घरातले मोठे देतात. हे कितपत खरे, असे एका वाचकाने विचारले आहे.

मनगटाजवळच्या मोडीबाबत ते पुष्कळदा खरे ठरते. दंडाच्या हाडाची वाढ मात्र सुमारे ८० टक्के खांद्याच्या टोकाला होते, कोपराच्या वाट्याला जेमतेम २०. शिवाय सांधा ज्या दिशेने हलतो त्या दिशेचा बाक शरीर थोडाफार भरून काढते; कोपर आडवा हलतच नाही, म्हणून आडवा बाक तसाच राहतो. पाच ते सात या वयात ही मोड सर्वाधिक आढळते, म्हणजे पुढे वाढीची कितीतरी वर्षे असतात. तरीही कोन हटत नाही!

हाताची घडी नीट होते, लिहिता-जेवता येते, म्हणून हा दोष फक्त दिसण्याचा, असे डॉक्टरही बराच काळ मानत. २००१ साली शॉन ओ’ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी वेगळेच दाखवले. दंडामागच्या स्नायूची ओढ आत सरकल्याने बाहेरचा अस्थिबंध वर्षानुवर्षे ताणला जातो आणि ऐन उमेदीच्या वयात कोपर निसटू लागतो. हे कळल्यावर बाक सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेला ‘हौस’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

शस्त्रक्रियेतली भूमिती तर शाळेतल्या कंपासपेटीची. तळवा पुढे करून हात सोडला की तो कोपरापासून ५ ते १५ अंश बाहेर झुकतो. समजा, चांगला हात ८ अंश बाहेर आहे आणि मोडलेला १८ अंश आत. बेरीज २६. दंडाच्या हाडातून बाहेरच्या बाजूने २६ अंशांची पाचर कापून काढायची आणि फट मिटवायची. १९५९ साली ‘लॅन्सेट’मध्ये फ्रेंच नावाच्या शल्यविशारदाने जी पद्धत मांडली, तिच्यावर माझा विशेष जीव आहे. आतल्या बाजूचे हाडावरचे आवरण शाबूत ठेवायचे, ते बिजागरीचे काम करते. बाहेर दोन स्क्रू बसवायचे आणि तारेचा फास आवळून फट बंद करायची. एवढ्या साध्या सामानात एवढी अचूकता!

एक खोट मात्र उरते. खालचा तुकडा रुंद असतो. फट मिटली की त्याची बाहेरची कड उंचवट्यासारखी पुढे येते. म्हणून तो तुकडा थोडा आत सरकवतात किंवा सरळ कापाऐवजी कमानदार काप घेतात.

हल्ली त्रिमितीय छपाईने केलेल्या साच्यांचे कौतुक कानावर येते. हाड अनेक दिशांनी पिळवटले असेल तर ते साचे उपयोगी पडतातही. साध्या आडव्या बाकासाठी दोन्ही हातांचे एक्स-रे, पेन्सिल आणि कोनमापक पुरते, आणि साच्यांचा खर्च न परवडणारी घरे पुष्कळ आहेत. खरी क्रांती आधीच्या टप्प्यावर झाली: मोड ताजी असतानाच हाड जागेवर बसवून, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत त्वचेतून दोन-तीन तारा घालणे. हे चोख झाले की पाचरीची वेळ क्वचितच येते.

वेळ आलीच तर घाई नको. हाड पक्के जुळून कोपराची हालचाल पूर्ण परतेपर्यंत, साधारण वर्षभर, सर्जन थांबतात. कापताना शेजारून जाणाऱ्या नसा जपाव्या लागतात, त्यामुळे लहान मुलांच्या हाडांचा सराव असलेलाच हात शोधावा.