थोडक्यात गोडी, पण शून्य सांभाळा

संगणकाचा प्रोग्राम कमीत कमी अक्षरांत लिहिण्याचा एक खेळ आहे. गॉल्फमध्ये कमी फटक्यांत चेंडू खड्ड्यात घालणारा जिंकतो, म्हणून याला ‘कोड गॉल्फ’ म्हणतात. मनामातल्या आमच्या वर्गात मी हा खेळ मांडला आणि कोडे घेतले नाशिकजवळच्या देवळालीचे.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येची गंमत गणितज्ञांपुढे ठेवली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. मात्र चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच.

एका मुलाचा प्रोग्राम सर्वांत आखूड निघाला. टाळ्या पडल्या. मी म्हटले, “आता २१११ घाल बघू.” २१११ मधून १११२ गेले, उरले ९९९. अक्षरे वाचवण्यासाठी त्याने पुढचे शून्य गाळले होते. म्हणून ९९९ मधून ९९९ गेले आणि हाती भोपळा! तेच ०९९९ धरले, तर ८९९१, ८०८२, ८५३२ आणि शेवटी ६१७४.

मुलगा हिरमुसला. मग त्याने शून्य परत घातले. अक्षरे वाढली, पहिला नंबर गेला. उत्तर मात्र बरोबर आले.

वाचकहो, काटकसर चांगलीच. पण बिनकामाचे वाटते ते गाळण्यापूर्वी एकदा ताडून पाहावे. आज रात्री मुलांना आपापल्या जन्मसालापासून ६१७४ गाठायला सांगा. कागद-पेन्सिल पुरे!