कुलूपबंद बराक आणि पहिला तास

कारागृह बांधतात ते आतला माणूस आत राहावा म्हणून. उंच तट, दोन दारांमधली झडती, संध्याकाळची मोजणी, बराकीचे कुलूप हे सगळे त्यासाठीच. मग आग लागते, पाणी शिरते किंवा जमीन हलते, आणि त्याच शिपायाला त्याच हातांनी उलटे काम करावे लागते: कुलपे काढायची, माणसे बाहेर आणायची, तरीही कोणाला निसटू द्यायचे नाही. या दोन्ही कामांसाठी खास पथके असावीत, हा विचार जगात तसा उशिराच रुजला. परभणीसारख्या जिल्ह्यात तो अजून दोन वेगवेगळ्या खात्यांच्या फायलींत विभागलेला आहे.

आपत्तीची बाजू आधी पाहू. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम हा गोदाकाठ. वर पूर्णा आणि दुधना. सप्टेंबर 2024 च्या पहिल्याच दोन दिवसांत पाथरी परिसरात अतिवृष्टी झाली. त्याच वर्षी 21 मार्चच्या सकाळी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला आणि परभणीतही घरे हादरली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचे किल्लारी मराठवाडा विसरलेला नाही. भूकंपाच्या वेळी कुलपाआड असणे म्हणजे काय, ते 26 जानेवारी 2001 रोजी भूजमध्ये दिसले. तिथल्या तुरुंगाच्या भिंती पडल्या आणि कैदी वाट मिळेल तिकडे गेले.

परभणीवर असे संकट आले तर कोण येणार? राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला, म्हणजे 400 किलोमीटरच्या आसपास. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. दंगलीचा बंदोबस्त हवा असेल तर राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 12 हिंगोलीत, तासा-दीड तासाच्या अंतरावर. ही दले आपापल्या कामात तरबेज आहेत, पण कोणती बराक कुठे उघडते हे त्यांना माहीत असण्याचे कारण नाही. पहिला तास कारागृहातल्या शिपाई, हवालदार आणि तुरुंगाधिकाऱ्यांचाच.

तो तास वाया गेला की काय होते, याचे सर्वांत भीषण उदाहरण मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशातले. 14 फेब्रुवारी 2012 च्या रात्री कोमायाग्वाच्या तुरुंगात आग लागली आणि साडेतीनशेहून अधिक माणसे जळून व गुदमरून मेली. कोठड्या वेळेवर उघडल्याच गेल्या नाहीत. ज्या काही उघडल्या, त्यांतल्या अनेकांची कुलपे एका कैद्यानेच फोडली होती.

आपल्याकडचा ठळक प्रसंग सांगलीचा. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेली आणि गणेशदुर्गातल्या जिल्हा कारागृहात पाणी शिरले. खंदक असलेला हा जुना किल्ला. 24 जुलै 1943 रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी याच तुरुंगाच्या तटावरून खंदकात उड्या टाकल्या होत्या. दादांना गोळी लागली, दोन साथीदार मारले गेले. तेव्हा ब्रिटिशांना पळणाऱ्यांची काळजी होती, 2019 मध्ये प्रशासनाला बुडणाऱ्यांचीही करावी लागली.

परदेशांत खास पथके उभी राहिली ती बहुधा दंग्यांनंतर. मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात 1 एप्रिल 1990 ला उठाव झाला आणि छपरावर चढलेले शेवटचे कैदी उतरायला 25 दिवस लागले. फ्रान्सने 2003 मध्ये प्रादेशिक हस्तक्षेप पथके काढली: काळा वेष, झाकलेले चेहरे, बराच दरारा. मला मात्र ब्रिटनची 'टोर्नेडो' पथकांची पद्धत अधिक कामाची वाटते. तिथे वेगळे दल बसवून ठेवत नाहीत. निरनिराळ्या तुरुंगांतले नेहमीचे कर्मचारीच जादा प्रशिक्षण घेतात आणि गरज पडेल तिथे जमतात. परभणी, नांदेड, बीड, धाराशिव या कारागृहांतले निवडक कर्मचारी येरवड्याच्या दौलतराव जाधव तुरुंगाधिकारी प्रशिक्षण महाविद्यालयात असे तयार करायला फार मोठा खजिना लागणार नाही. अडचण माणसांची आहे. राज्यातल्या कारागृहांत क्षमतेच्या दीडपटीहून अधिक बंदी भरलेले, त्यांतले बहुसंख्य न्यायाधीन. रोजची मोजणी आणि मुलाखती उरकता उरकता शिपायाचा दिवस संपतो.

आणि परभणीत बोलताना डिसेंबर 2024 टाळून चालणार नाही. 10 तारखेला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली. त्यात अटक झालेला, कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. पोलिसांच्या मारहाणीचा आरोप झाला आणि जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. पूर दहा वर्षांतून एकदा येईल, भूकंप कदाचित येणारही नाही. आत आणलेल्या माणसाच्या अंगावर वळ आहेत का, छातीत दुखते म्हणणारा खरेच अत्यवस्थ आहे का, हा प्रश्न मात्र कारागृहाच्या दाराशी रोज उभा असतो. सुरक्षा पथकाच्या चर्चेत ढाली आणि लाठ्या पटकन येतात. स्ट्रेचर आणि रात्रपाळीचा डॉक्टर यांची आठवण नंतर होते.

आपत्तीत बंद्यांना बाहेर हलवायला कायद्याची वाट नाही असेही नाही. 1894 च्या कारागृह अधिनियमाच्या कलम 7 मध्येच साथीच्या किंवा अन्य कारणाने बंद्यांना तात्पुरत्या जागी ठेवण्याची सोय होती, आणि 2020 च्या करोनाकाळात महाराष्ट्राने शाळा-वसतिगृहांत तात्पुरती कारागृहे उघडली. जपान तर याच्याही पुढे गेला. तिथल्या 1908 च्या कायद्यानुसार आपत्तीत कैद्यांना हलवणे अशक्य असेल तर सोडून देता येत असे, अट एकच: 24 तासांत परत हजर व्हायचे. 1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपात योकोहामाच्या तुरुंगाचा तट कोसळला, आग पसरली, तेव्हा अधीक्षकांनी हा अधिकार वापरला. पुढे कायदा बदलला, पण ही तरतूद जपानने काढलेली नाही.

आपल्याकडे एवढे धाडस कोणी अधीक्षक करणार नाही, आणि त्याने ते करावे असा माझा आग्रहही नाही. पण पावसाळ्याआधी एकदा रात्रीची रंगीत तालीम व्हावी, किल्ल्यांचा दुसरा जुडगा आणि लोखंड कापायचे कटर कुठे आहेत हे रात्रपाळीच्या प्रत्येक शिपायाला ठाऊक असावे, बंद्यांना हलवायची इमारत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती आराखड्यात नावानिशी लिहिलेली असावी. यासाठी नवे दल मंजूर होण्याची वाट पाहावी लागत नाही.